राखीव सिमकार्डास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री राखीव सिमकार्ड, मुक्काम घरगुती राउटर, पापनाशम, जिल्हा तंजावर, यांसी सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तंजावरच्या भोसल्यांच्या काळाला शोभेलसा मायना मुद्दाम घातला, कारण आपला रुबाबही संस्थानिकाचाच आहे. फायबर चालू असेतो आपण राउटरच्या खाचेत स्वस्थ बसता आणि मालक आल्यागेल्याला सांगतो, ‘आमच्या सर्व्हरला दोन-दोन इंटरनेट आहेत.’ माझा आक्षेप या दाव्यावर आहे.

फायबर तुटलं की आपण घराला बाहेर जायची वाट देता, हे मान्य. पण सर्व्हरला बाहेर कुठे जायचंय? त्याच्याकडे लोक यायचे असतात, आणि आपल्याला तर धड पत्ताच नाही. आशिया-प्रशांत विभागाचे आयपीव्ही४ पत्ते एप्रिल २०११ मध्येच आटले. २०१२ मध्ये १००.६४ पासूनचे सुमारे ४२ लाख पत्ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी बाजूला काढले गेले. आपल्या वाट्याला येतो तो बहुधा असलाच आतला पत्ता. बाहेर दिसणारा एक पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटलेला. मुंबईहून घरचे फोटो उघडू पाहणारी लेक त्या पत्त्यापर्यंत पोचते आणि तिथेच थांबते, कारण पुढचं दार कोणाचं हे कंपनीच्या यंत्राला ठाऊक नसतं. राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडा, त्याच्या वरचं कुलूप आपल्या हातात नाही. आयपीव्ही६ आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, पण तो पाहुण्याकडेही हवा, आणि बाहेरून आलेली नवी जोडणी मोबाइल नेटवर्कने आत सोडायला हवी.

दुसरं, आपल्या स्वतंत्र बाण्याविषयी. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. तंजावर जिल्ह्याच्या दक्षिणेला पट्टुकोट्टै, पेरावूरणीकडे नारळाच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले. अशा दिवशी टॉवरही बॅटरी आणि डिझेल पुरेल तेवढाच उभा. शिवाय टॉवरमागे बहुतेकदा फायबरच असतं, कधी कधी त्याच रस्त्याकडेचं. पापनाशमच्या पालैवननाथर मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळचं विटांचं मोठं धान्यकोठार आहे. त्यात भात आधी साठवायचं, टंचाईत काढायचं. आपल्याकडे साठा कसला? आख्ख्या गावाचं फायबर गेलं की सगळे मोबाइल त्याच टॉवरवर तुटून पडतात, आणि त्या रांगेत आपणही एक.

उरलं पोट. दिवसाला २ जीबीचा प्लॅन धरू. २ एमबीपीएसचा एकच सीसीटीव्ही कॅमेरा बाहेर दाखवत राहिला, तर तासाला सुमारे ९०० एमबी खातो. सव्वादोन तासांत दिवसाचा शिधा संपला. मग वेग ६४ केबीपीएसवर आला, की ४ एमबीचा एक फोटो पाठवायला आठ मिनिटांहून जास्त. रात्रीचा बॅकअप त्या वेळी सुरू झाला तर आपली कीवच येते. बरं, रिचार्ज संपल्याचं मालकाच्या लक्षात येणार कधी? ज्या दिवशी आपली गरज पडेल त्याच दिवशी.

यावर जाणकार म्हणतील, टनेल टाका. अगदी रास्त. मुंबईत किंवा चेन्नईत एक लहानसा सर्व्हर भाड्याने घ्यावा, घरच्या यंत्राने वायरगार्ड टनेलमधून स्वतःहून त्याला जोडून घ्यावं, दर २५ सेकंदांनी एक पाकीट पाठवून वाट जागी ठेवावी. पाहुण्यांनी भाड्याच्या पत्त्यावर यावं. मग फायबर असो वा आपण, बाहेरचा पत्ता बदलत नाही. ‘मग घरचा सर्व्हर कशाला?’ हा प्रश्न मात्र फसवा आहे: डेटा घरातच राहतो, भाड्याचा असतो तो फक्त पत्ता. पण मग श्रेय त्या भाड्याच्या यंत्राचं, आपलं नव्हे. तरीही आपल्याला काढून टाका असं मी म्हणणार नाही. वीज गेल्याचा निरोप, दाराच्या सेन्सरची सूचना, दुरून सर्व्हर नीट बंद करण्याची आज्ञा: ही किलोबाइटांची कामं आपण उत्तम कराल. कॅमेरे आणि बॅकअप त्या काळात बंद ठेवण्याचा नियम राउटरमध्ये आधीच घालायला हवा. तसंच राउटरने फायबरच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नये; कुंभकोणमपलीकडे तार तुटली तरी तो खुशाल हिरवा राहू शकतो. पलीकडचा एखादा पत्ता उत्तर देतो का, हे त्याने तपासत राहावं.

आपल्या मालकास एवढंच कळवावं: महिन्यातून एकदा फायबरची वायर स्वतः उपसा, वायफाय बंद केलेल्या फोनवरून आपलाच सर्व्हर उघडून पाहा, आणि उघडला नाही तर ‘दोन इंटरनेट’ ही बढाई तेवढी आवरा. कळावे.