पोलादाची पत्रिका

माझ्या खिशात चाकू असतो हे कळलं की पुण्यातली सभ्य माणसं बोलता बोलता अर्धं पाऊल मागे सरकतात. त्यांचा दोष नाही. घडीचा चाकू म्हणजे रामपुरी आणि रामपुरी म्हणजे खलनायक, हे जुन्या हिंदी सिनेमाने दोन पिढ्यांच्या डोक्यात पक्कं बसवून ठेवलंय. 'खट्' असा आवाज झाला की नायकाच्या आईने किंचाळायचं. रामपूरकरांनी मात्र हे मनाला लावून घेतलं नाही. 2023 साली त्यांनी भर चौकात वीसेक फुटांचा चाकू उभा केला. आपल्याकडे चौकाचौकांत जे काही उभं राहतं त्या मानाने ती निदान उपयोगाची वस्तू आहे.

माझ्या चाकूने आजवर कुरिअरची खोकी, नव्या शर्टाच्या लेबलचे प्लास्टिकचे दोरे, सुतळ्या आणि फळं यांच्यापलीकडे कुणाचा बळी घेतलेला नाही. कायद्यालाही त्याच्यात रस नसावा. शस्त्रांच्या नियमांची नजर 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांवर असते, तीही घरकामाची किंवा शेतीची नसतील तर. माझं पातं माझ्या तर्जनीएवढं. विमानात मात्र तो सोबत नेता येत नाही. तिथे मी निःशस्त्र असतो आणि शेंगदाण्याची पुडी दातांनी फोडतो.

खरा घोळ पोलादापासून सुरू होतो. दुकानात जाऊन "चाकू दाखवा" म्हणतो तो गिऱ्हाईक, "पोलाद कोणतं?" असं विचारतो तो वाया गेलेला माणूस. मला या वाटेला लावलं एका मित्राने. त्याची उभी हयात कारखान्यात धातूंच्या तपासण्या करण्यात गेली. चाकू घ्यायचा म्हणतोय म्हटल्यावर त्याने माझ्यासमोर एक तक्ता ठेवला. कार्बन इतके टक्के, क्रोमियम इतके, व्हॅनेडियम, मोलिब्डेनम... मला एकदम घरच्यासारखं वाटलं. ही तर पत्रिका! कार्बन बलवान असेल तर पातं कडक. क्रोमियम तेराच्या घरात असेल तर गंजाची पीडा नाही. व्हॅनेडियम उच्चीचा असेल तर धार दीर्घायुषी. आणि धार टिकणं, चिवटपणा, गंज न चढणं हे तिन्ही योग एकाच पोलादात पुरते जुळत नाहीत. कडकपणा वाढवावा तर धारेच्या कपच्या उडतात, चिवटपणा वाढवावा तर धार लवकर मावळते.

पत्रिका फसवते ती अशी. डी2 नावाचं एक पोलाद आहे, मुळात कारखान्यातल्या डायसाठी केलेलं. त्यात क्रोमियम साधारण 12 टक्के. मुलीचे वडील खूश, म्हणजे मी खूश. मित्र म्हणाला, "कार्बन बघ. दीड टक्का. तो कार्बन निम्म्याअधिक क्रोमियमला धरून कार्बाइडचा संसार थाटतो. गंजाशी भांडायला उरतंय कोण?" कागदावर बारा टक्के, हाताशी त्याहून कितीतरी कमी. धार उत्तम टिकते. पण लिंबू कापून तसाच ठेवलात तर सकाळी पात्यावर ठिपके.

गंजाचं म्हणाल तर हॅरी ब्रिअर्लीलाही सुऱ्या करायच्या नव्हत्या. 1913 साली शेफील्डमध्ये तो बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात त्यावर पोलाद शोधत होता, आणि हाती लागलं न गंजणारं. त्याच्या सुऱ्या केल्या तर त्यांना धार धरेना. न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून लोकांनी त्याची टिंगल केली. ही टिंगल मला फार जवळची वाटते, कारण आमच्या घरातल्या निम्म्या सुऱ्या अजून त्याच परंपरेतल्या आहेत.

मी पहिल्यांदा घेतला तो साधा कार्बन पोलादाचा चाकू. फ्रान्समधल्या सावोय प्रांतात जोसेफ ओपिनेलने 1890 च्या सुमाराला असे चाकू करायला घेतले. लाकडी मूठ, पातळ पातं, पुढे 1955 साली त्यावर पातं अडकवून ठेवणारं एक फिरतं कडं आलं. मिरगाच्या तोंडावर तो घेऊन मी गुहागरला काकूकडे गेलो. झाडाच्या शेवटच्या कैऱ्या होत्या. पहिल्या कैरीला पात्यावर पिवळसर सावट आलं. दुसऱ्या कैरीपर्यंत तिथे मोरपंखी निळा रंग उमटला, कडेला जांभळा. तिखटमीठ लावून फोडी संपेस्तोवर पातं शिशासारखं करडं झालं होतं. मी हळहळलो. काकूने आपली विळी पुढे सरकवली. अंगभर काळीकुट्ट, आणि धारेच्या कडेला तेवढी दोरीएवढी लखलखीत रेघ. "लोखंड काळं पडायचंच रे. तांबडं पडलं तर काळजी कर. पुसून ठेव, फणसाला घेशील तेव्हा खोबरेल लाव." तक्त्यात हे कुठेच नव्हतं, पण खरं तेच आहे. तो काळा थर तांबड्या गंजाला बराचसा थोपवून धरतो.

पावसाने जोर धरला तशी लाकडी मूठ फुगली आणि पातं आत घट्ट बसलं. सावोयच्या लोकांना हा अनुभव जुना आहे, त्यांची त्यावर युक्तीही आहे: मूठ टेबलाच्या कडेवर बेताने आपटायची, पातं चिमटीत धरण्याइतकं वर येतं. मी ती काकूच्या देवघराच्या उंबऱ्यावर करून दाखवली आणि पुन्हा न करण्याची ताकीद घेतली.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. एस30व्ही. अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीने 2001 साली आणलेलं, 4 टक्के व्हॅनेडियमचं पोलाद. हे वितळलेल्या रसाची वायूच्या झोताने भुकटी करून, ती भुकटी उष्णतेत दाबून एकजीव करतात, म्हणजे कार्बाइडचे कण बारीक राहतात. धार महिनोन् महिने टिकते. गेली की मात्र पंचाईत, कारण व्हॅनेडियमचे कार्बाइड आपल्या नेहमीच्या दगडातल्या अॅल्युमिनाहून कठीण. पात्याने दगड घासायचा की दगडाने पातं, हेच ठरत नाही. त्याला हिऱ्याची पट्टी लागते. "आज हिरा घेतला" एवढंच मी घरी बोललो आणि पुढची दोन मिनिटं आमच्या घरात कमालीचं प्रसन्न वातावरण होतं.

पट्टी घेण्याआधी हा चाकू मी गल्लीत येणाऱ्या धारवाल्याला दाखवला होता. त्याने पातं चाकाला नुसतं टेकवलं. काकूच्या विळीसारखं कार्बनचं पोलाद असतं तर ठिणग्यांची फुलबाजी उडाली असती. इथे चार-दोन मलूल तांबड्या ठिणग्या पडल्या. त्याने लगेच हात आखडला. "साहेब, हे साधं लोखंड नाही. माझं चाक कोरडं. तापलं तर पाणी उतरेल." आणि पैसे न घेता सायकल पुढे काढली. मित्राच्या तक्त्याने जे एका पानात सांगितलं होतं ते याने ठिणगीत वाचलं.

मित्राने त्यानंतर मॅग्नाकटचं स्थळ आणलं. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने आखलेलं, 2021 चं. क्रोमियम जेमतेम पावणेअकरा टक्के, पण कार्बाइडच्या संसारात ते अडकणारच नाही अशी मांडणी, त्यामुळे सगळं गंजाशी लढायला मोकळं. असा योग मी पाहिला नव्हता. तेवढ्यात बातमी आली की ते बनवणाऱ्या क्रूसिबलनेच 2024 च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. मुलगी लाखात एक, पण घरचे बुडाले.

एवढं करून त्या एस30व्हीच्या चाकूने सफरचंद कापायला घेतलं तर ते कापलं न जाता 'कट्' करून फुटलं. पातं साडेतीन मिलिमीटर जाड. कितीही धारदार असलं तरी मागून येणारी पाचर फोडणारच. सावोयचं पातळ पातं त्याच सफरचंदातून पलीकडे कधी गेलं ते सफरचंदालाही कळत नाही. पात्याची जाडी आणि धारेचा कोन हे पोलादाच्या नावाच्या आधी बघायचे असतात. पण त्यावर भांडण रंगत नाही, म्हणून कोणी काढत नाही. आणि उरलेला प्रश्न माणसाच्या आळसाचा. पुसायचा कंटाळा असेल तर कार्बन घेऊ नये, धार लावायचा कंटाळा असेल तर स्विस सैनिकी चाकूचं मऊ पोलाद घेऊ नये, आणि दोन्हींचा असेल तर विकतची चिरलेली भाजी आणावी.

मला पुसायचा कंटाळा आणि धार लावायची हौस, तेव्हा शेवटी मी 12सी27 वर आलो. स्वीडनचं, कार्बन 0.6 टक्के, क्रोमियम साडेतेरा, पातळ पातं, साध्या दगडावर पाच मिनिटांत धार. अहंकार शून्य. घरी आणला त्या दिवशी बायकोने त्याने पेरू कापला, पातं नळाखाली धरलं, न पुसताच मिटलं आणि म्हणाली, "अहो, हा मला राहू दे." तेव्हापासून तो तिच्या पर्समध्ये असतो. माझा खिसा रिकामा. म्हणून नाइलाजाने पुन्हा तक्ता काढलाय. एस90व्ही म्हणून एक आहे त्यात, व्हॅनेडियम तब्बल 9 टक्के. त्याला धार लावायला काय लागेल ते मी घरी अजून बोललेलो नाही.