टायगरचं काही सांगता येत नाही

तालुक्याच्या गावांत अलीकडे बापांची एक नवी जमात तयार झाली आहे. पोरांनी हौसेने प्राणी आणायचे, बारावी झाली की पुण्याला निघून जायचं आणि मागे राहिलेलं ते गोकुळ बापाने सांभाळायचं. 'माझ्या घरात असली थेरं चालणार नाहीत' असं पहिल्या दिवशी ठणकावणारा हाच, आणि वर्षभराने पाहुण्याला 'आधी हात धुऊन या' म्हणून मोरीकडे पिटाळणाराही हाच. या जमातीत सगळ्यात कठीण दिवस त्याचे, ज्याच्या घरी कुत्रा आधीपासून होता आणि गिनीपिग मागून आले. चांदवडच्या अशा गृहस्थाला आपण नाना म्हणू. या वयाच्या निम्म्या माणसांना इकडे तसंही नानाच म्हणतात.

नानांचा टायगर हा मुळात नोकरदार कुत्रा. नेमणूक मळ्यातल्या कांदा चाळीवर. उन्हाळ कांदा एप्रिलच्या सुमारास चाळीत पडतो आणि भाव येईल या आशेवर कधीकधी दिवाळीपर्यंत तिथेच बसून राहतो. तेवढ्या महिन्यांत चाळीखाली घुशींच्या बिळांची वसाहत उठते. टायगर घूस दिसली की मान पकडायचा, दोन झटके द्यायचा आणि नानांच्या पायाशी आणून ठेवायचा. नाना पाठ थोपटून अर्धी भाकरी टाकायचे. असा सगळा सरळ व्यवहार चालू असताना पोरगी नाशिकहून बुटाच्या खोक्यात दोन गिनीपिग घेऊन आली. शेपूट नाही, मान नाही, मधलं अंग तेवढं भरघोस; मोठे झाल्यावर वजन किलोच्या आसपास. टायगरने वास घेतला आणि त्याला वाटलं असणार की मालकाने काम सोपं करून दिलं, घुशी आता थेट घरपोच. खरं सांगायचं तर या प्रकरणात माझी सहानुभूती टायगरकडे आहे. चार वर्षं ज्या कामाची बक्षिसी मिळाली, तेच काम उंबरठ्याच्या आत आल्यावर गुन्हा ठरतं, हे कुठल्या कुत्र्याला समजावून सांगणार?

नानांनी समजावलं नाहीच. नानांनी बंदोबस्त केला.

पिंजरा जमिनीवर नको म्हणून लोखंडी टेबलावर गेला. टेबल हलू नये म्हणून भिंतीला बोल्टने आवळलं. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी कुत्रा दाताने फाडतो, म्हणून वेल्डमेश आली. वर झाकण, झाकणाला कडी, कडीला खिळा. शिवाय खोलीला दार असताना पॅसेजच्या तोंडाशी कमरेएवढं फाटक बसलं. नियम असा की एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. रंगमहालासारखा भक्कम वाडा ज्या गावात उभा आहे, तिथल्या माणसाला दरवाजाचं महत्त्व कुणी शिकवावं! फक्त अहिल्याबाईंच्या वाड्यात शिरताना 'मागचं लावलं का?' असं कुणी ओरडत नसेल, एवढाच फरक. काकू चहाचा ट्रे घेऊन पॅसेजमध्ये अडकल्या की त्या काय म्हणतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला आलेले पाहुणे डोंगर उतरले की नानांकडे टेकतात आणि तिथे खरा सामना रंगतो. टायगर फाटकापलीकडे साखळीला. नजर पिंजऱ्यावर खिळलेली, शेपूट ताठ, पापणी हलत नाही. पाहुणी विरघळते. "अगंबाई, किती प्रेमानं बघू राहिला तो!"

नाना म्हणतात, "मी पण मटणाच्या पातेल्याकडं असंच बघतो."

"आणि ती पिल्लं बघा ना, किती शांत! घाबरत नाहीत अजिबात."

यावर नाना खुर्ची पुढे ओढतात. गिनीपिग गप्प बसला म्हणजे निवांत बसला, असा अर्थ घ्यायचा नसतो. भीतीने तो जागच्या जागी गोठतो. खूश असला तर कढईतल्या लाहीसारखा जागेवर उडतो, खायला हवं असलं तर शिट्टीसारखा किंचाळतो. म्हणून पिंजऱ्यात लपायला घर पाहिजे आणि त्या घराला दोन तोंडं पाहिजेत, म्हणजे एकीने वाट अडवली तर दुसरीला कोपऱ्यात अडकून पडावं लागत नाही. नानांनी टोमॅटोचं जुनं कॅरेट कापून ते केलं आहे. दुकानदाराने 'दोन्ही माद्या' म्हणून दिल्या होत्या. दोनेक महिन्यांनी त्यांच्यात तीन पिल्लांची भर पडली, उघड्या डोळ्यांची, अंगावर केस असलेली, जन्मल्या दिवशीच पळणारी. तेव्हापासून नाना कुत्र्याबरोबर दुकानदारांवरही विश्वास ठेवत नाहीत. नराचं कॅरेट आता वेगळ्या पिंजऱ्यात आहे, वेगळ्या कडीसह.

पाहुणा शेतकरी असला तर वेगळीच आफत. तो मोकळ्या हाताने येत नाही, कांद्याची हिरवीगार पात घेऊन येतो. "घाला की त्यांना, ताजी आहे!" नाना जुडी पकडून बाहेर ठेवतात. ज्या चांदवडात बाजार समितीपासून बोलण्यापर्यंत सगळीकडे कांदाच आहे, तिथे नानांच्या घरात दोन जातींच्या प्राण्यांना कांदा विष आहे. कांद्या-लसणातल्या गंधकाच्या द्रव्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, भाजीतला शिजलेला कांदाही त्याला चालत नाही. गिनीपिगलाही तो द्यायचा नाही. कांदा चाळीवर चार वर्षं राखण करून टायगरने कधी कांदा खाल्ला नाही, याचं श्रेय नाना त्याला देतात. बाकी कशाचं देत नाहीत. गिनीपिगांचं मुख्य खाणं वाळलेलं गवत. शिवाय माणसासारखंच त्यांचं शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरचीची फोड आणि कोथिंबीर. भाव पडल्यावर ढोबळी रस्त्यावर ओतणाऱ्यांना नाना थांबवून एक कॅरेट घेतात. पैसे मात्र देतात, शेवटी शेतकरीच.

टायगर पुढे पिंजऱ्यावरून नजर काढायला शिकला, तरी नाना सैल पडत नाहीत. "आता सवय झाली असेल ना त्याला?" असं कुणी विचारलं की नानांचं उत्तर ठरलेलं. डिसेंबर २०२३ मध्ये ज्या माणसाने रात्री कांद्याची निर्यात चालू असताना डोळा मिटला आणि सकाळी ती बंद झालेली पाहिली, त्याला 'आता काही होत नाही' हे वाक्य ऐकवू नये. "टायगर चांगलाय. पण त्याचं काही सांगता येत नाही," असं ते टायगरसमोरच म्हणतात. तो कान पाडतो.

त्यांची शंका दातांपुरती नाही. टायगर पावसाळ्यात खोकू लागला तेव्हा तो फाटकापर्यंतही बंद झाला. कुत्र्याच्या खोकल्यामागचा बोर्डेटेला हा जंतू गिनीपिगला न्यूमोनिया करू शकतो, तेव्हा कुत्रा स्वभावाने संत असला तरी उपयोग नाही. औषधाचंही तेच. गाईला बिनधास्त दिलं जाणारं पेनिसिलिन गिनीपिगच्या पोटातले उपयोगी जंतू मारून त्यालाच संपवू शकतं. नानांनी हे वहीत लिहून ठेवलंय आणि चारशे किलोच्या जनावरांची सवय असलेल्या डॉक्टरांना ते आधी वाचून दाखवतात. डॉक्टर सज्जन, ऐकून घेतात. पेरू देशात गिनीपिग खातात, ही माहिती मात्र ज्याने दिली त्याला नानांकडे दुसरा चहा मिळालेला नाही.

टायगरचं शिक्षणही नानांनीच केलं. साखळी हातात, खिशात भाकरीचे तुकडे. पिंजऱ्याकडून नजर काढून नानांकडे पाहिलं की एक तुकडा. पुन्हा पाहिलं, पुन्हा तुकडा. शिव्या नाहीत, काठी नाही. महिनोन्‌महिने हा वर्ग चालला आणि शेवटी टायगर पिंजरा दिसताच मान वळवून नानांच्या खिशाकडे बघू लागला. नाना त्या दिवशी हसले म्हणतात. तरी फाटक लावूनच हसले.

अडचण निघाली ती मळ्यात. यंदा चाळीखालून चांगली जाडजूड घूस बाहेर आली. टायगरने तिच्याकडे पाहिलं, मान वळवली, नानांसमोर येऊन बसला आणि खिशाकडे बघू लागला. घूस सावकाश कांद्यामागे निघून गेली. मग दुसरी आली. टायगर तसाच बसून, दोन तुकड्यांची थकबाकी डोळ्यांत घेऊन.

काकूंनी चाळीसाठी मांजर आणायचं सुचवलंय. नानांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फक्त लोहाराकडे आणखी एक फाटक टाकलंय.