कुलूपकाका

कुणाचा देवावर विश्वास असतो, कुणाचा बँकेवर. कुलूपकाकांचा फक्त कुलपावर. सरकारी प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी ते सदाशिव पेठेतून चंडीगडला आले, तेव्हा सामानात एक नवताल कुलूप होतं. निवृत्त होईपर्यंत त्याचा गोतावळा झाला. फ्रिजला कुलूप, गॅस सिलिंडरला साखळी, पाण्याच्या टाकीच्या झाकणाला कडी-कोयंडा. शेजारी त्यांना आडनावाने ओळखत नाहीत.

अशा माणसाने राहावं कुठे, तर जिथे शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिएचा २६ मीटर उंचीचा उघडा पंजा शहराचं बोधचिन्ह म्हणून वाऱ्यावर फिरतो! देण्यासाठी उघडा, घेण्यासाठी उघडा, असा त्याचा अर्थ पाहुण्यांना सांगायची वेळ आली की काकांचा चेहरा कडवट होतो. ‘उघडा ठेवला की नेणारच!’ पुराव्यादाखल ते इथल्या सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्यांचा दाखला देतात. कॉर्बुझिएचा सहकारी पिअर जनेरे याच्या काळातल्या त्या सागवानी खुर्च्या भंगार म्हणून निघाल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या. २०११ साली केंद्राला त्यांच्या रक्षणासाठी आदेश काढावा लागला. ‘खुर्च्या पॅरिसला पोचतात, मग माझी चाकं दिल्लीला जायला किती वेळ?’ या शहरात काकांना मनापासून आदर आहे तो एकाच माणसाबद्दल, नेकचंदबद्दल. त्याच्या रॉक गार्डनमधल्या बाहुल्या त्यांना बघवत नाहीत. पण रस्ते-निरीक्षकाने सरकारी जंगलात एवढा पसारा मांडावा आणि वर्षानुवर्षं सरकारलाच त्याचा सुगावा लागू नये, ही लपवाछपवी त्यांना थोर वाटते.

तर चाकं. नव्या गाडीला अलॉय व्हील्स आली आणि काकांची झोप उडाली. सकाळी उठावं तर गाडी विटांवर, असं दृश्य त्यांना जागेपणीही दिसू लागलं. मग त्यांनी लॉक-नट बसवले. प्रत्येक चाकाच्या नटांपैकी एक काढून त्या जागी हा वेगळा नट. बाहेरून गोल गुळगुळीत, साधा पाना लावावा तर घसरतो. माथ्यावर वेडीवाकडी खाच असते आणि त्याच खाचेची अंगठ्याएवढी चावी लावली तरच तो फिरतो. काकांनी घरी आलेल्या प्रत्येकाला ती चावी दुरून दाखवली. हातात कुणालाच दिली नाही.

लोक ती चावी डॅशबोर्डच्या खणात किंवा स्टेपनीपाशी ठेवतात. म्हणजे चोर आधी तिथेच बघणार! काकांनी ती मोज्यात गुंडाळून ठेवली. कुठे, ते सुरक्षेच्या कारणास्तव काकूंनाही सांगितलं नाही. चावीचा नंबर असलेलं कार्ड बँकेच्या लॉकरमध्ये गेलं आणि लॉकरची किल्ली पुण्याच्या घरातल्या गोदरेजच्या कपाटात. यथावकाश मध्य मार्गावर खिळा भेटला, चाक बसलं आणि मोजा काही सापडेना.

‘अहो, जुने मोजे मी बोहारणीला दिले,’ काकू म्हणाल्या. ‘तुम्हीच म्हणालात, पाव्हणेरावळे येतात, मोजे पडलेले दिसू नयेत.’

पंक्चरवाला नट बघून परत गेला. चाकात पुन्हापुन्हा हवा भरत, गोगलगाईच्या गतीने काकांनी गाडी मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटात नेली. वाटेत ते मला या नटाची बांधणी समजावत होते. पोलाद कसं कडक, ड्रिल कसं घसरतं, हवेच्या गनने जोर लावला तर खुद्द चावीसुद्धा कशी मोडते. चावीवाचून हा नट निघणं अशक्य आहे, हे ते इतक्या अभिमानाने सांगत होते, की आपल्याला तो काढायचाच आहे, याचा त्यांना विसर पडला असावा.

सरदारजी मिस्त्रीने नटाला बोट लावून बघितलं. बाहेरचं कडं सुटं फिरणारं असतं तर वेल्डिंग करून वर दुसरा नट चिकटवावा लागला असता. इथे ती भानगड नव्हती. त्याने नटापेक्षा जराशी लहान, आतून बारा कंगोऱ्यांची एक जुनी गोटी निवडली, हातोड्याने ठोकून नटावर घट्ट बसवली, लांब दांडा लावला आणि अंगाचा भार दिला. कर्रकन आवाज झाला. नट सुटला.

काकांच्या चेहऱ्यावर सुटकेऐवजी सुतक आलं. उरलेले तीनही काढून टाका, पुढच्या पंक्चरला पुन्हा याल, असं मिस्त्री म्हणाला. काकांनी जड मनाने होकार दिला. चौथ्या नटाच्या वेळी तर त्याने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता आणि पलीकडच्या कुणाशी लग्नाच्या जेवणाबद्दल बोलत होता. हा अपमान काकांच्या जिव्हारी लागला.

‘म्हणजे चोरही असाच काढणार?’

‘चोर रौले तों डरदा ए, बाऊजी,’ त्याने हातोडा वाजवून दाखवला. एवढी ठोकाठोक केली तर गल्ली जागी होईल.

‘आमच्या गल्लीत रात्री दोनपर्यंत लग्नाचा बँड वाजतो,’ काका म्हणाले. ‘हातोडा कोण ऐकणार?’

मिस्त्रीने मागून पंच ठोकून गोटीत अडकलेला नट बाहेर पाडला. काकांचं लक्ष त्या गोटीवरच होतं. हलक्या आवाजात त्यांनी ती विकत मागितली. निदान हे एक हत्यार तरी चोराच्या हाती लागायला नको. मिस्त्रीने बाकाखालून पत्र्याचा डबा पायाने ओढला. ‘लै जाओ बाऊजी, डब्बा भरिया पिया ए.’

काकांनी डब्याची किंमत विचारली.