विसारावर उदक सोडण्याचा शास्त्रोक्त विधी

दसऱ्याच्या सुमुहूर्तावर विसारपावतीवर सही ठोकून, पेढे वाटून आणि नात्यागोत्यात नव्या पत्त्याची वर्दी देऊन जो गृहस्थ निश्चिंत झाला, आणि होळीच्या सुमारास ज्याला त्याच इमारतीतील, किंबहुना त्याच जिन्यावरील तेवढीच जागा बारा लाखांनी स्वस्त मिळत असल्याचे वर्तमान समजले, त्याच्या हितार्थ प्रस्तुत प्रकरण रचले आहे. वास्तुशांती केव्हा करावी, मुख्य दार कोणत्या दिशेस असावे, याविषयी मार्गदर्शनपर वाङ्मयाचा आपल्याकडे सुकाळ आहे. परंतु दिलेल्या विसारावर उदक सोडून मोकळे व्हावे की उरलेली रक्कम भरून घर पदरात घ्यावे, या प्रश्नी जाणत्यांनीही मौन पत्करलेले दिसते. ज्यांना अनुभव आहे त्यांना तो चारचौघांत सांगण्याची हौस नसावी.

आरंभी भाव खरोखरच पडले आहेत काय, याचा निर्णय करावा. हे काम वाटते तितके सुलभ नाही, कारण घरांचे भाव पडले असे आपल्या प्रांतातील कोणताही बिल्डर कधी कबूल करीत नाही. तो मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, स्वयंपाकघरात कपाटे बसवून देतो, पाडव्याला सोन्याचे नाणे हातावर ठेवतो. फलकावरचा दर मात्र जसाच्या तसा. सरकारी रेडी रेकनरच्या भरवशावरही राहू नये. तो एप्रिलच्या पहिल्या तारखेस जाहीर करण्याचा प्रघात असला, तरी खाली उतरण्याची त्याला फारशी सवय नाही, आणि सौदा त्याहून स्वस्तात ठरला तरी मुद्रांक त्याच्याच हिशेबाने भरावा लागतो.

निःपक्षपाती साक्षीदार म्हणावा असा एकच, बँकेने पाठवलेला मूल्यांकक. हा पुरुष भर दुपारी येतो, खोल्या मोजतो, विजेच्या मीटरचे आणि दारावरील पाटीचे छायाचित्र घेतो, न्हाणीघराच्या छताला आलेल्या ओलीकडे क्षणभर पाहतो, चहा नको म्हणतो आणि एक अक्षरही न बोलता निघून जातो. त्यानंतर आठवड्याने बँकेचे पत्र येते. आपण नऊ लाख विसार देऊन ९० लाखांना ठरवलेले घर त्याने ७८ लाखांचे ठरवले आहे, असे धरू. ३० ते ७५ लाखांच्या कर्जास घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक असल्याने, जेथे ७२ लाख मिळायचे तेथे आता ६२ लाख ४० हजारच मिळणार. म्हणजे खिशातून काढावयाची रक्कम ९ लाख ६० हजारांनी वाढली. पुष्कळांचा निर्णय या पत्रानेच परस्पर होऊन जातो, आणि तत्त्वचिंतनाचे श्रम वाचतात.

ज्यांच्याजवळ तेवढी शिल्लक असते, त्यांना मात्र विचार करावा लागतो. बहुसंख्य लोक येथे दोनपैकी एका खड्ड्यात पडतात. पहिल्या पंथाचे अनुयायी “नऊ लाख बुडाले!” म्हणून ऊर बडवतात, दुसऱ्या पंथाचे नव्वदांतून अठ्ठ्याहत्तर वजा करून “बारा लाख वाचले!” म्हणून टाळी देतात. वस्तुतः विसाराचे नऊ लाख घर घेतले तरी गेले आणि सोडले तरी गेले. त्यांचा दोन्ही पक्षी सारखाच अंत झाला असल्यामुळे, मृताच्या नावे हक्क सांगू नये. तुलना करावयाची ती उरलेल्या ८१ लाखांची आणि बाजारातील ७८ लाखांची, आणि तिचे फळ तीन लाख, एवढेच. त्यातून नव्या घराची दोन टक्के दलाली वजा करावी, म्हणजे हाती दीड लाखाच्या आत काहीतरी राहते. आणि विसारपावतीवर न थांबता आपण साठेखत नोंदवून बसला असाल, तर पुण्यामुंबईकडच्या सहा-सात टक्के मुद्रांकाने हा दीड लाख गिळून वर ढेकरही दिलेला असतो. मुद्रांकाच्या परताव्याची तरतूद कायद्यात आहे खरी. पण अटी, मुदती आणि कचेरीच्या पायऱ्या यांचा विचार न करता जो ती रक्कम आजच जमेस धरतो, त्याच्या आशावादाला वंदन करून पुढे जावे.

आता कायद्याचे अंग. समोर बिल्डर असेल तर काम त्यातल्या त्यात सोपे. रेराच्या कलम १३ अन्वये करार नोंदविण्यापूर्वी त्याला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही; आणि महारेराच्या नमुना वाटपपत्राप्रमाणे पंधरा दिवसांत मन फिरल्यास काहीच कापले जात नाही, तीस दिवसांपर्यंत एक टक्का, साठ दिवसांपर्यंत दीड आणि त्यानंतर दोन टक्के कापले जातात. म्हणजे माणसाच्या मनाची चंचलता किती दिवसांत किती टक्के होते, याचे कोष्टक सरकारने आपल्यासाठी आधीच करून ठेवले आहे. करारानंतर मात्र कलमे वाचावीत. मंदीचे कारण सांगून गुरगावच्या एका गृहप्रकल्पातून अंग काढून घेणाऱ्या ग्राहकांच्या खटल्यात, बिल्डरने करारात लिहून घेतलेली २० टक्क्यांची जप्ती एकतर्फी ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली १० टक्केच मान्य केले.

समोर खासगी मालक असेल तर पावतीत काय लिहिले आहे ते भिंगाने पाहावे. दिल्लीतील एका बंगल्याचा सौदा १९४९ साली १,१२,५०० रुपयांस ठरला. प्रथम एक हजार आणि मागाहून चोवीस हजार दिले गेले आणि सौदा फिसकटला. फतेचंद विरुद्ध बालकिशन दास या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात १९६३ साली निकाल लागला, तो असा की विसार म्हणून दिलेला एक हजार विक्रेत्याने खुशाल ठेवावा, परंतु नुकसान सिद्ध न करता चोवीस हजारांस हात लावू नये. यावरून हर्षित होणाऱ्यांनी २०१२ चा निकालही वाचावा. तेथे ७० लाखांच्या सौद्यात विसार म्हणून स्पष्ट लिहिलेले सातच्या सात लाख विक्रेत्याकडे राहिले. त्यातही करारपूर्तीविषयीच्या कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाल्यापासून, विक्रेत्याने मनात आणलेच तर “मला विसार नको, ठरलेली किंमतच हवी” अशी फिर्याद तोही पूर्वीपेक्षा अधिक जोराने लावू शकतो. विसार सोडला की आपण सुटलो, हा समज सर्वस्वी एकतर्फी आहे.

यानंतर कुटुंबाची सभा भरवावी. तिचा निर्णयाशी काही संबंध नसतो, पण न भरवल्यास पुढील वीस वर्षे तिचे इतिवृत्त ऐकावे लागते. कोथरूड गावाबाहेर होते तेव्हा तेथे घर घेतलेले एक मामा “जागेचा भाव कधी खाली येत नाही” हे वचन उच्चारतीलच. मुंबईचे भाव १९९५ च्या सुमारास शिखरावर जाऊन जे घसरले ते सावरायला नवे शतक उजाडावे लागले, हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही, कारण ते मुंबईला घर मानीतच नाहीत. सासरेबुवा काही न बोलता वर्तमानपत्र उलटतील. त्यांचा अभिप्राय त्याच रात्री मुलीमार्फत पोहोचतो. या कोलाहलात एखादी वहिनी “तुम्हांला तिथे राहायचंय की विकायचंय?” असे विचारील. सभेतील कामाचा प्रश्न तेवढाच असतो, आणि इतिवृत्तात नेमका तोच गाळला जातो.

पण खरा गाभा पुढे आहे. विक्रेताही याच पडत्या बाजारात उभा आहे, ही गोष्ट दुःखाच्या भरात आपण विसरतो. आपण सोडून गेलो तर त्याच्या पदरी नऊ लाख विसार आणि अठ्ठ्याहत्तर लाखांचे घर, मिळून ८७. पुन्हा गिऱ्हाईक शोधायचे, पुन्हा दलाली द्यायची, म्हणजे तोही साडेचार लाखांच्या आसपास खड्ड्यात. आपल्याला सोडून जाण्यात दीड लाखाचाच लाभ. तेव्हा दीड आणि साडेचार यांच्या दरम्यानची कोणतीही सूट उभयपक्षी फायद्याची आहे, आणि तीन लाखांवर हस्तांदोलन करणारी माणसे पुष्कळ आढळतात. हे बोलणे स्वतः करू नये. दलालास पाठवावे, कारण सौदा तरला तरच त्याची दलाली तरते, आणि त्या दिवशी त्याच्याइतका कळकळीचा मध्यस्थ आपल्या सोयऱ्याधायऱ्यांत सापडणे नाही. जाताना मूल्यांककाचा अहवाल त्याच्या हाती द्यावा, मामांना मात्र सोबत देऊ नये.

एवढे करूनही फाटलेच, आणि साठेखत नोंदलेले असले, तर रद्दलेखही नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी उभय पक्षांनी दुय्यम निबंधकासमोर छायाचित्र व अंगठा देण्यास बसावे लागते. विसाराचा किती भाग परत मिळणार हे ठरून धनादेश हाती आल्याखेरीज त्या बाकावर बसू नये. वेळ पितृपक्षाची साधावी. घेणारे त्या पंधरवड्यात फिरकत नाहीत, कचेरी ओस असते, काम तासाभरात उरकते, आणि रद्दलेखाला मुहूर्त पाहिला होता का, असे विचारणारा मामा अद्याप जन्मास यावयाचा आहे.