सेकंदाला आठ, महिन्याला बारा

आमच्या शहराच्या गारखेडा भागात हल्ली एक नवा भाविक दिसू लागला आहे. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी शेंद्र्याच्या नाहीतर वाळूजच्या कंपनीत, हप्त्यावरचा फ्लॅट सूतगिरणी चौकाच्या आसपास आणि गळ्यात काळं, बोजड जपानी धूड. हा रोलवाला. ‘एफ-फाइव्ह आहे,’ असं तो सांगतो. आपण विचारलेलं नसतं. निकॉनचा एफ-५ हा फिल्मचा कॅमेरा आला १९९६ साली. नुसत्या बॉडीचं वजन १२१० ग्रॅम, वर आठ पेन्सिल सेल आणि लेन्स. हे यंत्र सेकंदाला आठ फोटो काढू शकतं, म्हणजे छत्तीसचा रोल साडेचार सेकंदांत खलास. आपला रोलवाला वर्षाकाठी चार रोल संपवतो. महिन्याला बारा फोटो पडले. एवढं वेगवान यंत्र कशासाठी घेतलं असं विचारलं, की डोळे किंचित मिटून तो म्हणतो, ‘सबुरी शिकायला.’ माझं म्हणणं एवढंच, की या माणसाची निवड अगदी बरोबर आहे; फक्त तो देतो त्यातलं एकही कारण खरं नाही.

आधी सबुरीचं बघू. जुने फोटोग्राफर संयमी होते हा त्याचा आवडता सिद्धांत, आणि दाखला म्हणून तो मेजर रॉबर्ट गिलला पुढे करतो, कारण गिलने काम केलं ते आपल्याच जिल्ह्यात. गिल अजिंठ्याची चित्रं नकलून घ्यायला १८४०च्या दशकात आला, पुढे कॅमेऱ्याकडे वळला आणि त्याच्या फोटोंचं पुस्तक १८६४ साली लंडनला निघालं. काचेवर ओलं रसायन चढवून, ते वाळायच्या आत फोटो उरकायचा, असा तो जमाना. मराठवाड्याच्या उन्हात हे करणाऱ्याला कुणी आपोआप फोकस करणारा कॅमेरा देऊ केला असता, तर त्याने घोडा विकून घेतला असता. जुन्यांचा संयम हा सद्गुण नव्हता, नाइलाज होता. आणि १९९६ साली ज्यांनी एफ-५ घेतला, त्या वृत्तसंस्थांच्या आणि क्रीडा छायाचित्रकारांना तर संयम हीच अडचण वाटत होती. चेंडू बॅटला लागायच्या आत बोट दाबायचं होतं. कंपनीने याचं शटर दीड लाख वेळा उघडमीट करून तपासलं होतं. रोलच्या हिशेबात हे चार हजारांच्या वर जातं. वर्षाला चार रोल या गतीने रोलवाल्याच्या हातून शटर निकामी व्हायला हजार वर्षं लागतील. सबुरी म्हणावी तर ती त्याची नव्हे, कॅमेऱ्याची.

खरं कारण जुनं आहे आणि ते सांगताना तो लाजतो. नव्वदीच्या दशकात हा शाळेत होता. लग्नाच्या फोटोग्राफरकडे पेंटॅक्स के-१००० किंवा फारतर निकॉन एफएम-२ असायचा, आणि त्यालाही हात लावू देत नसत. एफ-५ दिसायचा तो फक्त पेपरात, सामन्याच्या फोटोत, सीमारेषेबाहेर बसलेल्या कुणाच्या हातात. पगारदार घरात त्याचं नाव काढायचीही सोय नव्हती. पुढे डिजिटल आलं, व्यावसायिकांनी हे कॅमेरे काढून टाकले आणि राजेशाही माल जुन्या बाजारात येऊन पडला. तेव्हा हा माणूस जुन्याच्या प्रेमात वगैरे नाही. तीस वर्षांपूर्वीची सगळ्यात नवी वस्तू हवी होती, ती तो आता उशिराने वसूल करतोय. मला यात हसण्यासारखं थोडं आणि समजण्यासारखं पुष्कळ दिसतं.

यावर शुद्धतावादी मंडळींचा आक्षेप तयारच असतो. नवशिक्याने हाताने फोकस करायच्या, सुई बघायच्या कॅमेऱ्यावरच हात बसवावा. सगळं यंत्रच करणार तर हा काय शिकणार? ऐकायला पटतं, पण हिशेबाला टिकत नाही. आज रोल महाग, तो धुवायला मुंबई-पुण्याला कुरिअरने पाठवायचा, वर स्कॅनचे पैसे. असल्या दिवसांत पहिले तीन रोल धूसर आणि काळे आले, तर माणूस शिकत नाही, कॅमेरा विकतो. एफएम-२चा मीटर मुख्यतः चौकटीचा मधला भाग बघतो. मधोमध बीबी का मकबरा, भर दुपारचा पांढराशुभ्र. मीटरला वाटतं उजेड फार झाला आणि तो मकबरा करडा करून ठेवतो. एफ-५चा मीटर १००५ ठिपक्यांतून रंगासकट दृश्य वाचतो आणि बहुतेक वेळा फसत नाही. उजेड आणि फोकस यंत्रावर सोपवले, की नवशिक्याकडे एकच काम उरतं: कुठे उभं राहायचं आणि कधी दाबायचं. शिकायचं ते हेच. के-१०००वाल्यांनी रागावू नये. त्यांचा कॅमेरा सुंदरच आहे, फक्त चौथ्या रोलपासून.

मात्र निवड बरोबर असली, तरी सुरुवात तो अशी करतो की बघवत नाही. सेलांची खोकी उघडून आत हिरवट चिकट डाग आहे का, वरच्या पडद्यात काळी शाई पसरली आहे का, हे घेण्याआधी बघायचं. हा घेतल्यावर बघतो. मग पंधरा दिवस रिकाम्या कॅमेऱ्याचं शटर उडवत बसतो, कारण आवाज छान येतो. या काळात फोटो निघतात ते कॅमेऱ्याचे, मोबाइलवर: गच्चीचा कठडा, शेजारी चहाचा कप, मागे संध्याकाळ. अखेर रोल भरायचा दिवस येतो. फिल्मची जीभ ओढून लाल खुणेपर्यंत आणायची, जास्त नाही, कमी नाही. झाकण लावून बटण दाबलं की यंत्र स्वतःच घरघरत पहिल्या फोटोवर येतं. इथे त्याला कुणीतरी सांगायला हवं, की बाबा, आधी चकती ‘एस’वर आण. ती सततच्या वेगावर राहिली, तर भाचीच्या वाढदिवसाचा केक तोंडात जाण्याचे अकरा फोटो येतात आणि ते अकराही सारखेच असतात. मग तो घाबरतो आणि उरलेले पंचवीस फोटो तीन महिने पुरवतो. सकाळी विभागीय क्रीडा संकुलात धावपट्टीवर जातो खरा, पण धावणारी पोरं सोडून फेऱ्या मारणाऱ्या आजोबांवर नेम धरतो. ते सावकाश येतात, विचार करायला वेळ मिळतो.

एका बाबतीत तो खरोखर कौतुकाला पात्र आहे, आणि ते तो कधी सांगत नाही. कृष्णधवल रोल घरी धुवायचा तर रसायन साधारण २० अंशांवर लागतं आणि शेवटी वाहतं पाणी. जायकवाडी एवढं जवळ असूनही ज्या शहरात नळ काही दिवसांआड येतो, तिथे वाहतं पाणी ही चैन झाली. म्हणून तो इल्फर्ड या फिल्म कंपनीची पद्धत वापरतो: डबा पाण्याने भरून पाच वेळा उलटसुलट, पाणी ओतून नव्या पाण्यात दहा वेळा, मग वीस वेळा. लिटरभराच्या आत फिल्म स्वच्छ. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी इतकं तापतं, की त्याला आधी फ्रीजमधल्या बाटलीची मदत लागते. उलट रंगीत रोलच्या रसायनाला ३८ अंश लागतात, ते टाकी फुकट देते. गारखेड्यात राहून पाण्याकडे इतक्या बारकाईने आणि इतक्या कमी तक्रारीने बघणारा दुसरा माणूस दाखवा.

राहिला मोबाइलवाल्यांचा प्रश्न, की हे सगळं कशाला, फोन चांगले फोटो काढतो ना? काढतो. चांगलेच काढतो. पण फोनमधले हजारो फोटो कोण बघतं? रोलवाल्याचे छत्तीस घरचे सगळे बघतात, तीन महिने वाट पाहून, आणि वहिनींनी डोळे मिटलेला फोटोही अल्बमात लागतो, कारण त्याचे पैसे गेलेले असतात. तेव्हा त्याच्या घरच्यांना माझी विनंती आहे की कॅमेरा विकायला लावू नका आणि फोटो लगेच दाखव म्हणून मागेही लागू नका. फक्त प्रत्येक रोल संपला की आठही सेल बाहेर काढून ठेवायला सांगा. त्याच्या गतीने ते वापरून संपायच्या आधी गळतील.