पॉइंटवाले नाना

वर महाबळेश्वरात पॉइंट बघायला लोक गाडीभाडं भरून जातात. खाली उमरठात पॉइंट फुकट आहेत आणि ते स्वतःच्या पायांनी तुमच्याकडे चालत येतात. त्यांना अख्खी वाडी पॉइंटवाले नाना म्हणते.

पोलादपूरहून कापडे मागे टाकून ढवळ्याकडे निघालं की उमरठ लागतं. चंद्रगडाला जाणारी ट्रेकवाली पोरं इथे थांबतात, तानाजी मालुसऱ्यांच्या आणि शेलारमामांच्या समाधीवर डोकं टेकवतात आणि पाणी कुठे मिळेल म्हणून विचारतात. पाणी दाखवायला नाना उठतात. पुढचा अर्धा तास पाणी राहतं बाजूला. पोरांनी नुसतं ‘तान्हाजी’ पिक्चरचं नाव काढलं की पुरे. “त्यातली ती तोफ बघितलीत ना? ती गडावर चढवली कशी? कप्पी कुठाय? साखळदंड कुठाय? माझा पॉइंट एवढाच आहे.”

नानांचा पॉइंट कधीच एवढाच नसतो.

असा एक माणूस आता वाडीवाडीत सापडतो. मुंबईत उमेदीची वर्षं घालवून गावी परतलेला, गुडघे गेलेले पण घसा शाबूत, घरात दोनच माणसं, आणि रोजचा दीड जीबी संपल्याशिवाय डोळ्याला डोळा न लागणारा. आमचे नाना गोदीत क्रेन चालवायचे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्राकडे बघताना त्यांना पहिला प्रश्न पडतो, वजन किती? चांद्रयान-3 उडालं तेव्हा देशभर लोक टाळ्या वाजवत होते, नाना हिशेब मांडत होते. रॉकेटचं वजन 640 टन. त्यातून चंद्राच्या वाटेला लागणार किती, तर 3,900 किलो. “अरे, चार टनाचा माल उचलायला सहाशे चाळीस टनांची क्रेन! गोदीत अशी लोडिंग केली असती तर साहेबाने मला समुद्रात ढकललं असतं.”

यावर डोंबिवलीच्या पुतण्याने समजावलं की ते बहुतेक वजन इंधनाचं असतं, आणि इंधन उचलायला आणखी इंधन लागतं. नाना दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “म्हणजे भावकीच्या वाटणीसारखं. जमीन वाचवायला वकील, वकिलाला द्यायला जमीन.” रॉकेटचं शास्त्र इतक्या कमी शब्दांत मला तरी दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही.

हे वाद चालतात भावकीच्या ग्रुपवर, पण त्याचा आनंद अख्ख्या वाडीला मिळतो. कारण नाना टाइप करत नाहीत. रस्त्याच्या वळणावर जी मोरी आहे, तिच्या कठड्याच्या डाव्या टोकाला रेंजच्या दोन काड्या येतात. तिथे बूड टेकायचं, चष्मा कपाळावर सारायचा, मोबाइल आडवा करून ओठांशी धरायचा, अंगठ्याने माइक दाबायचा आणि बोलायला लागायचं. डोंबिवली दीडशे किलोमीटरवर आहे हे लक्षात ठेवून नाना त्या हिशेबाने आवाज लावतात. उत्तर आलं की तेही स्पीकरवर. त्यामुळे खालच्या खाचरात लावणी करणाऱ्या बायकांनाही थोरियम म्हणजे काय ते ठाऊक आहे. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत असतं, आपल्याकडे भरपूर आहे आणि होमी भाभांनी त्याचा तीन टप्प्यांचा बेत आखून ठेवला होता. मग अजून दिवा का लागत नाही, असं त्यातल्या एकीने कमरेवर हात ठेवून विचारलं. नाना म्हणाले, दुसऱ्या टप्प्याची कल्पक्कमची भट्टी 2004 साली बांधायला घेतली, तिचा गाभा भरायला सुरुवात व्हायलाच मार्च 2024 उजाडलं, तिसरा टप्पा तर त्याच्याही पुढे. “म्हणजे आमच्या नळासारखंच,” ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

गंमत होते ती रेंज गेल्यावर. पाऊस लागला की आधी लाइट जाते, मग टॉवर मान टाकतो. नानांचे निरोप एका काडीवर लटकून राहतात आणि रात्री केव्हातरी एकदम सुटतात, तेही मागेपुढे. एकदा पुतण्याचा चंद्रावरचा खुलासा जैतापूरच्या वादात येऊन पडला. “वजन कमी ठेवलं म्हणून तर अलगद उतरलं,” असं तो म्हणत होता. नानांनी ते अणुभट्टीबद्दल समजून सडकून उत्तर दिलं. त्या उत्तराला पुतण्याने विक्रम लँडरच्या बाजूने प्रत्युत्तर दिलं. चार दिवस दोघं दोन वेगळ्या विषयांवर एकमेकांशी भांडत होते. दोघांच्याही मुद्द्यांना कुठे धक्का लागला नाही.

जैतापूर हा नानांचा जुना आजार. मूळ बेत 1,650 मेगावॅटच्या सहा भट्ट्यांचा, एकूण 9,900. नाना मेगावॅट म्हणत नाहीत, त्यांचं माप कोयना आहे. कोयनेची वीज 1,960 मेगावॅट, म्हणून जैतापूर म्हणजे “पाच कोयना”. पुतण्याने फ्रान्सचा दाखला दिला. याच जातीची फ्लामानव्हिलची भट्टी 2007 मध्ये बांधायला घेतली आणि ग्रीडला जोडायला डिसेंबर 2024 लागला, खर्च कुठल्या कुठे गेला. दुसरा माणूस इथे गार झाला असता. नानांची छाती फुगली. “मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण 2011 पासून चाललंय. मग फ्रान्स आपल्यापेक्षा पुढारलेला कशावरून?”

पैशाच्या वादात मात्र त्यांना एकदा माघार घ्यावी लागली. चहाच्या टपरीवर कोणी तरी म्हणालं, 615 कोटी चंद्रावर घालवले, त्यात आमच्या वाडीचा रस्ता झाला असता. नानांनी लगेच भागाकार केला. माणशी साडेचार रुपयेसुद्धा नाहीत, त्यात कटिंग चहा येत नाही. टपरीवाला गाळणी झटकत म्हणाला, “मग नाना, माझे साडेचार द्या. चंद्र मला इथूनच दिसतो.” नानांनी सुट्टे नाहीत म्हणून विषय बदलला.

त्यांच्याशी वाद घालणं सोपं आहे. कठीण आहे ते त्यांच्याशी सहमत होणं. नवखे लोक ही चूक हमखास करतात. नाना सांगत होते, छपरावर सोलर बसवा, तीन किलोवॅटला केंद्राची 78 हजारांची सबसिडी आहे, लाइटबिल विसरा. ऐकणारा बिचारा म्हणाला, “बरोबर आहे नाना.” नानांच्या कपाळाला आठी. “बरोबर कसं? आषाढात उमरठात सूर्य कधी बघितलास? चार महिने पॅनेलवर शेवाळ धरेल शेवाळ!” आणि पुढचा तासभर त्यांनी सोलरच्या चिंधड्या केल्या. समोरचा होकार देतोय म्हणजे आपल्या बोलण्यात काहीतरी खोट आहे, अशी त्यांची पक्की समजूत. ‘हो’ म्हटल्यावर उरतं काय? घरी जायचं?

घरी नानी असतात, आणि त्या वाद घालत नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी फक्त “बरं” हा एकच शब्द वापरून नानांना मोरीवर बसवलंय.

5 एप्रिल 2020 ची रात्र वाडी विसरलेली नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत पंतप्रधानांच्या सांगण्यावरून रात्री नऊला नऊ मिनिटं घरातले दिवे मालवायचे होते. सगळा देश एकदम दिवे बंद करणार, ग्रीडची फ्रिक्वेन्सी उसळणार, सगळीकडे अंधार होणार, हा नानांचा पॉइंट. वायरमन सांगत होता, नाना, फक्त दिवे घालवायचेत, पंखे-फ्रीज चालूच राहणार, वरच्यांनी सगळं बघितलंय. नाना ऐकतात होय? नऊच्या ठोक्याला त्यांनी दिवे मालवले आणि विहिरीवरची मोटर, मिक्सर, इस्त्री, टीव्ही, सगळं एकदम चालू केलं. रिकामा मिक्सर नऊ मिनिटं बोंबलत होता आणि नानी अंधारात पणती धरून “बरं” म्हणत उभ्या होत्या. त्या रात्री देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने खाली आली, आणि जलविद्युत केंद्रांनी झटपट पाणी आवरून, पुन्हा सोडून तोल सांभाळला. नाना हे सगळं मान्य करतात. ग्रीड कोणी वाचवलं असं विचारलंत तर प्रामाणिकपणे सांगतात, “जलविद्युत केंद्रांनी आणि मी.”

ते कोणाच्या बापाला भीत नाहीत, फक्त एका प्रश्नाला भितात. माघ वद्य नवमीला तानाजींच्या पुण्यतिथीला उमरठात गर्दी लोटते. अशाच एका नवमीला ट्रेकवाल्या पोराने त्यांना भर गर्दीत विचारलं, “नाना, तुम्ही क्रेनवाले. घोरपड माणसाचं वजन पेलेल का हो?” शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात तानाजींसाठी कोंढाण्याचा कडा चढणारी घोरपड आहे, इतिहासकार तिला मानत नाहीत, आणि प्रश्न विचारला गेला होता समाधीपासून हाकेच्या अंतरावर. आजूबाजूला भगवे फेटे. नानांचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला आणि परत आला. “तो संशोधनाचा विषय आहे,” ते म्हणाले. त्या वाक्यानंतर नाना पाच मिनिटं गप्प बसले, म्हणून लोकांनी पाणी आणून दिलं.

मला ते खरे कळले ते मात्र दरडींच्या विषयात. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळीये दरडीखाली गेलं. इकडे पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडीत आणि केवनाळ्यातही डोंगर खाली आला, माणसं गेली. वीज नाही, फोन नाही, कोण कुठे आहे कळायला मार्ग नाही. पावसाळा सरल्यावर नाना मोरीवर बसून म्हणाले, उपग्रह वरून ढग बघतो, हवामान खातं रेड अलर्ट देतं, तो येतो मोबाइलवर, आणि रेंज तर त्याच्याही आधी जाते. मग तो अलर्ट वाचायचा कोणी, चंद्राने? प्रत्येक वाडीला एक भोंगा पाहिजे, हाताने फिरवायचा, विजेशिवाय वाजणारा. आणि एक वायरलेस सेट.

पहिल्यांदाच कोणी विरोध केला नाही. वायरमनने मान डोलावली. टपरीवाल्याने डोलावली. डोंबिवलीहून पुतण्याने अंगठा पाठवला. सगळे “अगदी बरोबर” म्हणाले आणि आपापल्या घरी जेवायला गेले. भोंग्याचा विषय तिथेच मेला. थोरियमवर मात्र दुसऱ्याच दिवशी पुन्हा हातघाई.

नानांनी हे मनाला लावून घेतलं. आता ते म्हणतात, ज्या गोष्टीला सगळ्यांचा होकार, तिची फाइल हलत नाही. रस्त्याला विरोध झाला, तर मोर्चा निघतो, पेपरात येतं, साहेब गाडीतून उतरतात. भोंग्याला कोणी वाईट म्हणत नाही, म्हणून कोणी चांगलंही करत नाही. म्हणून भोंग्याला विरोधक पाहिजे, जोरदार पाहिजे. वायरमनला विचारलं, तो म्हणाला मला डीपीवर जायचंय. शेवटी ते काम माझ्यावर आलं.

परवा मी मोरीवर त्यांच्या शेजारी बसलो आणि विरोध करायला तोंड उघडलं. सुचेना. भोंग्याच्या विरोधात माणूस बोलणार तरी काय? नाना वैतागले. “अरे, म्हण की कुत्री भुंकतील. म्हण की पोरं उगाच वाजवतील. म्हण की गंजेल. शाळा शिकलास ना?”

“गंजेल,” मी म्हणालो.

“गंजेल?” नानांनी चष्मा कपाळावर सारला, मोबाइल आडवा केला आणि अंगठ्याने माइक दाबला. “ऐका रे सगळे! आपल्याच वाडीतला शिकलेला माणूस म्हणतोय भोंगा गंजेल! शेलारमामा ऐंशीव्या वर्षी तलवार घेऊन कोंढाण्यावर गेले, ती गंजली होती काय?”

खाली खाचरातून एक आवाज आला, “नाना, गंजेलच ओ! दोन पावसाळ्यांत!”

नानांचा चेहरा उजळला. ते कठड्यावरून उठले, खाचराच्या दिशेने दोन पावलं टाकली आणि त्यांची रेंज गेली.