आक्कांचा पृष्ठक्रमांक

विद्वत्तेच्या प्रांतात शिरू पाहणाऱ्या मनुष्याजवळ विद्वत्ता असलीच पाहिजे असे नाही. परंतु त्याच्या प्रत्येक विधानाच्या पायथ्याशी एक टीप, त्या टिपेत एक ग्रंथ, त्या ग्रंथास एक प्रकाशक आणि त्या ग्रंथाच्या पोटात एक पृष्ठक्रमांक ही चतुःसूत्री मात्र असलीच पाहिजे, हे मला सेवानिवृत्तीनंतर, म्हणजे ज्ञानाचा कोणालाच उपद्रव होऊ नये अशा वयात, कळून आले. आणि तेही पुण्यात नव्हे, तर कावेरीकाठच्या कुंभकोणमात, पितळी डबऱ्यातून पेल्यात व पेल्यातून पुन्हा डबऱ्यात कॉफी ओतण्याचा तेथील विधी माझ्या धोतरावर यथासांग पार पडत असताना.

मी तेथे गेलो होतो तो एका शब्दाचा माग काढीत. शब्द होता 'डांगर'. उडदाच्या पिठात ताक कालवून, कांदा, मिरची नि मीठ घालून आमच्या घरी जो पदार्थ होत असे त्याला आम्ही डांगर म्हणत आलो. देशावर कित्येक गावी मात्र डांगर म्हणजे तांबडा भोपळा, आणि या एका शब्दावरून माझ्या लग्नात दोन्ही पक्षांत जो गैरसमज झाला त्याचा तपशील येथे अप्रस्तुत आहे. तंजावर जिल्ह्यातील तमिळ घरांतही 'डांगर पच्चडी' नावाचा उडदाच्या पिठाचा नि दह्याचा पदार्थ होतो, असे एका स्नेह्याने सांगितले, तेव्हा मला राहवेना. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले आणि १८५५ साली ती गादी खालसा झाली. या पावणेदोनशे वर्षांत मराठ्यांनी तेथे तोफा नेल्या, देवळांना दाने दिली, नाटके रचली. पण गादीबरोबर तोफा गेल्या आणि उडदाचे पीठ तेवढे मागे राहिले, हा माझा सिद्धान्त. त्यावर पंधरा पानांचा शोधनिबंध लिहून एका नामांकित षण्मासिकाकडे पाठवावा अशी तजवीज मी मनाशी केली.

कुंभकोणम हे त्यासाठी ठिकाण उत्तम. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले; तेथील तमिळ लोक ज्यांना 'रायर' म्हणतात ती जुनी मराठी घरे आजही गावात नि आसपास आहेत. अशाच एका घरी मला आक्का भेटल्या. वय चौऱ्याऐंशी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, आणि तोंडात असे मराठी की ते ऐकताना आपण एखाद्या जुन्या बखरीशी बोलतो आहोत आणि बखर मध्येच तमिळमध्ये खोकते आहे असा भास व्हावा. त्यांची बोली जशीच्या तशी कागदावर उतरवण्याचे धाडस मी करीत नाही. माझ्या कानाने जे धरले त्यातले निम्मे लेखणीने सांडले.

आक्कांनी माझ्यासमोर डांगर केले. उडदाचे भाजलेले पीठ त्यांनी चाळले नाही. तळव्यावर घेऊन दोन बोटांनी चोळले, नाकाशी नेले आणि मग आंबटसर दह्यात सोडले. वर मोहरी नि हिंगाची फोडणी. पीठ किती, असे मी वही सरसावून विचारले. हाताला पुरे वाटेल तितके, असे उत्तर आले. मी वहीत 'हाताला पुरे वाटेल तितके' असे लिहिले, आणि संशोधनपद्धतीच्या दृष्टीने हा माझ्या आयुष्यातला सर्वांत प्रामाणिक क्षण होता.

निबंध गेला. तीन महिन्यांनी परत आला. सोबत परीक्षकांचे शेरे होते, आणि ते वाचताना मला मामलेदार कचेरीतून परत आलेल्या अर्जाची आठवण झाली. 'टीप क्र. ३ : आक्का. संपूर्ण नाव, प्रकाशक, आवृत्ती व पृष्ठक्रमांक नमूद करावा.' 'टीप क्र. ७ : भिंत. सदर संदर्भ उपलब्ध होण्याचे ठिकाण व दिनांक द्यावा.' 'टीप क्र. ११ : हात. खुलासा व्हावा.'

भिंतीविषयी प्रथम सांगतो, कारण तिची बाजू सर्वांत भक्कम आहे. तंजावरच्या बृहदीश्वराच्या आवारात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांच्या कुळाचा संपूर्ण इतिहास मराठीत दगडावर कोरवून घेतला. मजकूर बाबूराव चिटणीसांचा. जगातल्या मोठ्यांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. आता या ग्रंथाचा प्रकाशक कोण? राजे म्हणावे तर ते आश्रयदाते. पाथरवट म्हणावे तर तो मुद्रक. बृहदीश्वर म्हणावे तर त्याने हस्तलिखित वाचल्याचा पुरावा नाही. पृष्ठे नाहीत, पृष्ठभाग आहे. आवृत्ती एकच, आणि दुसरी निघण्याचा संभव दिसत नाही. 'उपलब्ध होण्याचे ठिकाण' या रकान्यात मी 'जेथे ठेवले होते तेथेच' असे लिहिले, तर तो उद्धटपणा ठरला.

आक्कांसाठी मी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची सुप्रसिद्ध नियमावली उघडली. तिची सातवी आवृत्ती सध्या सर्व विद्यापीठांच्या मानेवर बसलेली आहे. तीत असे कलम आढळले की मुलाखत, पत्र, दूरध्वनीवरील बोलणे इत्यादी 'वैयक्तिक संवाद' मजकुरात कंसात नमूद करावा, परंतु शेवटच्या संदर्भसूचीत त्यास जागा देऊ नये. सबब, वाचकाला तो पुन्हा काढून पाहता येत नाही. कलम वाजवी आहे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला कोणी पुन्हा पुन्हा काढून पाहू नये, हे मलाही मान्य. पण त्याच नियमावलीत पुढे, तेव्हाच्या ट्विटर नामक चव्हाट्यावर कोणी काही लिहिले असेल तर त्याचे पहिले वीस शब्द शीर्षक समजून ते सूचीत सन्मानाने दाखल करावे, आणि त्यात हसऱ्या-रडक्या तोंडांची चित्रे असल्यास प्रत्येक चित्र एक शब्द धरावे, असे सविस्तर शास्त्र दिलेले आहे! म्हणजे आक्कांनी साठ वर्षे चुलीपुढे राबून मिळवलेले ज्ञान सूचीच्या उंबऱ्याबाहेर, आणि कोणा टवाळाचे डोळे मिचकावणारे तोंड एक शब्द म्हणून पाटावर. डांगर करून झाल्यावर आक्का माझ्याकडे पाहून किंचित हसल्या होत्या. ते हसू कागदावर कोठे चढवावे, याविषयी नियमावली मौन बाळगून आहे.

(कॅनडातील लोरिशा मॅक्लाउड या क्री समाजाच्या ग्रंथपाल बाईंनी २०२१ साली हीच खंत ओळखून, आदिवासी वृद्धांनी तोंडी दिलेल्या ज्ञानाचा संदर्भ सूचीतच कसा द्यावा याचे नमुने प्रसिद्ध केले. त्यांत वृद्धाचे नाव, त्याचा समाज, तो राहतो ते ठिकाण, बोलण्याचा विषय आणि दिवस येतो. हे वाचून मला इतका आनंद झाला की मी ते कात्रण परीक्षकांना पाठवले. 'कुंभकोणम कॅनडात नाही' असे उत्तर आले. ही वस्तुस्थिती निर्विवाद आहे.)

खरे सांगायचे तर परीक्षकांचा संशय अगदीच निराधार नव्हता, आणि ते मला कुंभकोणमाच्याच रस्त्यावर पटले होते. या गावच्या कॉफीला 'डिग्री कॉफी' म्हणतात. का म्हणतात? एका खानावळवाल्याने सांगितले की दुधात पाणी नाही हे दुग्धमापकाच्या अंशावरून ठरत असे, म्हणून डिग्री. शेजारच्या दुकानदाराने हे ऐकून तुच्छतेने मान हलवली आणि डिग्री म्हणजे 'चिकोरी'चाच तमिळ उच्चार असे ठणकावले. तिसरा एक गृहस्थ पदवीधर होता. त्याने काय सांगितले असेल हे वाचकाने ओळखावे. सांबाराची गोष्ट तर सर्वांनाच ठाऊक: संभाजीराजे तंजावरास पाहुणे आले, आमटीस आमसूल मिळेना, चिंच घातली, आणि पाहुण्याच्या नावाने पदार्थाचे बारसे झाले. ही कथा मी कुंभकोणमात पाच जणांच्या तोंडून ऐकली आणि आधार विचारला, तर पाचही बोटे एकमेकांकडे वळली. औरंगजेब दारात उभा असताना संभाजीराजे सांबार चाखायला तंजावरपर्यंत केव्हा आले, हे विचारणारा मी एकटाच. तोंडी साक्ष घ्यावी, पण साक्षीदाराची जबानीही घ्यावी. पुस्तकाचीही घ्यावी, म्हणतो मी. पुस्तकात छापली म्हणून सांबाराची गोष्ट अधिक शिजत नाही.

आणि याच गावात आधाराच्या प्रश्नाने एका फार मोठ्या माणसाला गाठले होते. आक्कांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, सारंगपाणी सन्निधी मार्गावर, श्रीनिवास रामानुजन यांचे बैठे घर स्मारक म्हणून जपून ठेवले आहे. मी तेथे उभा राहून विचार करीत होतो. या गृहस्थाला सूत्रे सुचत ती नामक्कलची नामगिरी देवी स्वप्नात येऊन सांगते म्हणून, असे ते स्नेह्यांना सांगत असत. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजचे गणिती हार्डीसाहेब यांना पत्र लिहिले ते सूत्रांनी भरलेले. देवीचे नाव त्यात नव्हते. ते शहाणपणाचे झाले. कारण नियमावलीनुसार देवीही 'वैयक्तिक संवाद' या सदरातच मोडते, आणि वाचकाला ती पुन्हा काढून पाहता येत नाही. हार्डीने देवीचा पत्ता विचारला नाही, सिद्धता मागितली. आणि रामानुजनांच्या वह्यांत जी सिद्धता नव्हती ती पुरवता पुरवता ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाला १९८५ ते १९९८ या काळात पाच जाड खंड काढावे लागले. देवीच्या एका ओळीला पंडिताची इतकी पाने लागतात, हे प्रमाण माझ्या निबंधाशी ताडून पाहता आक्कांच्या एका चिमटीला पंधरा पाने म्हणजे मी संक्षेपच केला होता.

पुण्यास परतल्यावर, परीक्षकांचे पत्र उशाशी घेऊन झोपेची वाट पाहत असता, मला म्हाइंभट आठवले. मराठी गद्याचा प्रारंभ जेथून मोजतात ते लीळाचरित्र तेराव्या शतकातले. आणि ते रचताना म्हाइंभटांनी काय केले, तर चक्रधरस्वामींना ज्यांनी ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांच्या त्यांच्या दारी जाऊन आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे पोथीवर संकट आल्यावर ज्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली त्यांत हिराइसेचे नाव आजही निघते. एका बाईच्या आठवणीला पाठाचा मान, तोही छापखाना जन्मण्यापूर्वी! आणि त्यामागोमाग आमचा महजर आठवला. वतनाचा तंटा पडला की गोत बसे, वृद्धांच्या जबान्या होत, निवाडा लिहिला जाई, आणि त्याखाली ज्याला लिहिता येत नसे त्याची निशाणी पडे; पाटलाची निशाणी नांगर. नांगराला पृष्ठक्रमांक नव्हता, पण त्या कागदावर पिढ्यान्‌पिढ्या शेते टिकली.

मी तत्काळ उठून आक्कांच्या नावे एक महजर लिहिला. मजकूर असा की, अमुक दिवशी, अमुक गावी, अमुक घरी, आक्कांनी स्वखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता, डांगर केले व सांगितले, ते येणेप्रमाणे. आणि तो घेऊन पुन्हा कुंभकोणमास गेलो. तिकिटाचा खर्च कोणत्या रकान्यात धरावा हे नियमावलीत नाही.

आक्कांनी महजर मोठ्याने वाचवून घेतला आणि संपताच पहिली हरकत घेतली. हे डांगर त्यांचे नव्हे, त्यांच्या सासूबाईंचे. सासूबाईंचे नाव का घातले नाही? घातले. मग सासूबाई तिरुविडैमरुदूरच्या. तेही गाव घालावे लागले. मग आठवले की सासूबाई हिरवी मिरची घालीत नसत, ती आक्कांच्या आईची. तेव्हा मिरचीपुरता आईचा उल्लेख वेगळा. हिंगाबद्दल धाकट्या जावेचा आक्षेप होता, ती आता हयात नाही, पण तिचे म्हणणे नोंदवून ठेवावे, मागाहून भांडण नको. तासाभरात माझ्या एका परिच्छेदाच्या पोटात चार बायका, दोन गावे आणि एक नोंदवलेला मतभेद जाऊन बसला. परीक्षक तीन महिन्यांत जे करू शकले नव्हते ते आक्कांनी दोन कपांत केले.

सही करताना मात्र अडचण आली. आक्का मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ लिपीत. आणि त्या लिपीत 'ट'ला नि 'ड'ला एकच अक्षर, 'क'ला नि 'ग'ला एकच, त्यामुळे 'गोड' आणि 'कोट' कागदावर सख्खी जुळी होतात. आपण काय लिहून दिले ते स्पष्ट राहावे म्हणून त्यांनी सहीशेजारी पदार्थाचे नाव लिहिले. ते मला 'टांगर' असे वाचता आले. मी ते मोठ्याने वाचले तेव्हा आक्कांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की लग्नातल्या त्या गैरसमजाची आठवण झाली. मग त्यांनी, चुलीवरून उठून आल्या होत्या तशाच, कागद नीट धरण्यासाठी अंगठा खाली टेकला, आणि तेथे पीठ-दह्याची एक फिकट, अंगठ्याच्या रेषा स्पष्ट दाखवणारी मुद्रा उमटली.

महजराची छायाप्रत मी षण्मासिकाकडे रवाना केली. गेल्या आठवड्यात उत्तर आले. संदर्भ क्र. ३ विचाराधीन आहे. तथापि दस्तऐवजाच्या तळाशी डाग असल्यामुळे स्वच्छ प्रत पाठवावी. मी कपाटातून मूळ कागद काढून त्या डागाशी नाक नेले. फोडणीतला हिंग अजून तसाच होता.